कण्हेर उपटू नका, तिची छाट उघड्यावर टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावाजवळ महामार्गालगतच्या सेवा रस्त्यावर कण्हेरीचा पाला खाऊन दोन शेळ्या दगावल्या, आणि त्यानंतर दुभाजकावरची, सार्वजनिक उद्यानांतली व गृहनिर्माण संस्थांच्या आवारांतली सगळीच कण्हेर मुळासकट काढून टाकावी, अशी मागणी आमच्या भागात जोर धरू लागली आहे. सह्यांची निवेदने तयार झाली आहेत, आणि या झाडाच्या सावलीत बसले तरी माणूस मरतो, इथपर्यंत मजल गेलेले संदेश घरोघरी पोचले आहेत. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. ज्या कुटुंबाच्या त्या शेळ्या होत्या, ते माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहते आणि त्या सकाळी मी त्यांच्या गोठ्यात होते. त्यामुळे या मागणीमागचा संताप मला परका नाही. तरीही ही मागणी चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते कारणांसह आपल्या वाचकांपुढे ठेवण्याची परवानगी मी मागत आहे.

त्या दिवशी काय घडले, ते आधी सांगते. आदल्या दिवशी दुपारी दुभाजकावरच्या कण्हेरीची छाटणी झाली होती. छाटलेल्या फांद्या उचलून नेण्याऐवजी सेवा रस्त्याच्या कडेला, नेमक्या चरायच्या वाटेवर, ढीग करून टाकल्या गेल्या. रात्रभरात आणि सकाळच्या उन्हात पाने मलूल झाली. शेजारची मुलगी नेहमीप्रमाणे शेळ्या घेऊन त्या वाटेने गेली आणि परत येईपर्यंत दोघी झिंगू लागल्या होत्या. मी पोचले तेव्हा एक गोठ्याच्या दाराशीच निपचित पडली होती. दुसरी पाय ताणून दात खात होती आणि तिच्या तोंडाला फेस आला होता. मी तिच्या बरगड्यांवर हात ठेवला, तर ठोके धडाधड पडत आणि मग अचानक इतका वेळ थांबत, की संपले सगळे असे वाटावे. तिच्या ओठाच्या कडेला अर्धे पान चिकटलेले होते : लांबट, चिवट, मधोमध ठसठशीत शीर आणि त्या शिरेपासून जवळजवळ काटकोनात निघालेल्या, एकमेकींना समांतर अशा असंख्य बारीक उपशिरा. हे पान मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या हाती दिले आहे, ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. जनावरांचे डॉक्टर आले, परंतु तोवर उशीर झाला होता.

आता याच महामार्गावर ही कण्हेर अनेक वर्षे उभी आहे आणि याच शेळ्या रोज तिच्या आसपास चरत होत्या. मग इतक्या दिवसांत त्यांनी तिला तोंड का लावले नाही? कण्हेरीचे ताजे पान अतिशय कडू असते आणि जनावर सहसा एकदा हुंगून बाजूला होते. पान सुकू लागले, की जनावराला ते पूर्वीसारखे वर्ज्य वाटत नाही, विष मात्र तसेच राहते. वाळलेल्या पानातले विषही नाहीसे होत नाही. उभे झुडूप निरुपद्रवी होते आणि वाटेवर टाकलेला ढीग प्राणघातक ठरला, असा या घटनेचा सरळ अर्थ आहे. दुभाजकावरचे झुडूप तोडायची मागणी करताना आपण नेमकी तीच कृती, म्हणजे कापणे आणि टाकणे, शेकडो पटींनी मोठ्या प्रमाणावर करायला सांगत आहोत, हे निवेदनावर सही करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एवढ्या मैलोगणती कण्हेरीचे ढीग कुठे पडतील आणि त्यांच्यापर्यंत कोणाची गुरे पोचतील, याचा विचार त्या निवेदनात कुठेही नाही.

कण्हेर विषारी आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना आजच्यापेक्षा अधिक चांगली ठाऊक होती. आम्ही करवीर तालुक्यातले लोक. कोल्हापूरचे जुने नाव करवीर आणि संस्कृतात कण्हेरीचे नावही करवीर. नगराच्या नावाची उपपत्ती माहात्म्यकथा निराळी सांगतात आणि मी त्या वादात शिरत नाही, परंतु हे नाव रोज उच्चारणाऱ्यांना झाडाची ओळख असायला हवी, एवढे मात्र वाटते. संस्कृतात या झाडाला हयमारक आणि अश्वमारक, म्हणजे घोडा मारणारे, अशीही नावे आहेत. आयुर्वेदात रुई, निवडुंग, कळलावी, गुंज, अफू आणि धोत्रा यांच्या पंक्तीला बसवून करवीराची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, केली आहे आणि औषधात त्याचे मूळ वापरायचे तर आधी शोधन, म्हणजे विषाची तीव्रता कमी करणारी शुद्धी, करावे, असे सांगितले आहे. जुन्या संस्कृत नाटकात वधस्थानाकडे नेल्या जाणाऱ्या माणसाच्या गळ्यात करवीराची माळ दिसते. एवढे सगळे ठाऊक असूनही कोणी ही वनस्पती हद्दपार केली नाही. देवळाच्या आवारात, विहिरीच्या काठाला, परसदारी ती राहिली, कारण घरातल्या मुलांना तिची पाने-फुले तोंडात घालायची नाहीत, हे चालायला लागल्यापासून सांगितले जात असे. आमच्या आजीच्या परसात पांढरी आणि तांबडी अशी दोन झुडपे होती. फुले तोडून आले, की हात धुतल्याशिवाय ती कोणालाही ताटावर बसू देत नसे.

झुडपाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण उपटून टाकण्याच्या घाईत आपण नेमके काय गमावणार आहोत, हे कळायला हवे. कण्हेरीचे शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिले आणि नेरियम या प्रजातीत ही एकच जाती आहे. आपल्याकडच्या सुवासिक कण्हेरीला पूर्वी नेरियम इंडिकम किंवा नेरियम ओडोरम अशी वेगळी नावे होती. आता ती सगळी एकाच जातीत धरली जातात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून इराणमार्गे भारतीय उपखंड आणि पुढे दक्षिण चीनपर्यंतचा पट्टा हे तिचे मूळ घर. तिथे ती नदी-ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत वाढते. वर्षातला थोडा काळ पाण्याचा लोंढा आणि उरलेला काळ तापलेली वाळू, अशा जागी टिकून राहायला तिचे शरीर घडलेले आहे. तिच्या कुळात तगर, सदाफुली, चाफा आणि रुई ही आपल्या ओळखीची मंडळी येतात, आणि तोडले की चीक येणे हा या कुळाचा गुणच आहे.

ती न छाटता वाढू दिली तर दोन ते सहा मीटर उंच होते. एकच खोड न धरता बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटतात. पाने बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात, आणि कण्हेर ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. फुले फांद्यांच्या टोकांशी झुबक्याने येतात. साध्या जातीत पाच पाकळ्या असतात आणि त्या किंचित एका बाजूला वळलेल्या असतात. फुलाच्या घशाशी कापून काढल्यासारखी झालर असते. फूल उभे चिरून भिंगाखाली धरले, तर परागकोशांना लागलेल्या केसाळ शेपट्या एकमेकींत पीळ घालून उभ्या दिसतात. ज्याने हे एकदा पाहिले, तो कण्हेरीच्या फुलाला पुन्हा कधी सामान्य फूल म्हणणार नाही. गंमत अशी, की एवढा थाट असूनही या फुलात कीटकांसाठी मध नसतो. रंगाला आणि वासाला भुलून कीटक येतात, रिकाम्या तोंडाने जातात आणि जाता जाता परागकण नेतात. त्यामुळे शेंगा कमी धरतात. दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबी कण्हेरीला तर त्या क्वचितच दिसतात. शेंग उकलली, की आतल्या बियांना रुईसारखे मऊ केस असतात. बागेत मात्र बियांची वाट कोणी पाहत नाही. पेन्सिलएवढ्या जाडीची फांदी मातीत खोचली, नाहीतर पाण्याच्या बाटलीत ठेवली, तरी तिला मुळे फुटतात.

ज्यांनी विज्ञान शाखेत वनस्पतिशास्त्र घेतले असेल, त्यांना कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद नक्की आठवत असेल. बटाट्याच्या तुकड्यात पान धरायचे, ओल्या ब्लेडने त्याचे कागदाहून पातळ काप काढायचे, त्यातला सर्वांत पातळ निवडून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. इतर बहुतेक पानांची बाह्यत्वचा पेशींच्या एकाच थराची असते, कण्हेरीची मात्र दोन-तीन थरांची असते आणि तिच्यावर मेणचट उपत्वचेचे जाड आवरण असते. खालच्या बाजूला ठिकठिकाणी खोल खळगे दिसतात आणि त्या खळग्यांत केसांचे दाट जाळे असते. पानाची श्वसनाची रंध्रे उघड्यावर नसतात, या खळग्यांच्या आत दडलेली असतात. बाहेर कितीही तापलेला वारा सुटला, तरी खळग्यातली हवा केसांमुळे जागच्या जागी राहते आणि पाण्याची वाफ सहज निसटत नाही. दरवर्षी पहिल्या वर्षाची मुले हा छेद पाहून चकित होत. एका मुलीने तर त्या खळग्यांना ‘पानाने पाठ फिरवून केलेले ओसरीचे कोनाडे’ म्हटले होते, आणि त्यानंतर मी तेच वर्णन दरवर्षी वर्गात सांगत आले.

महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर का लावतात, याचे उत्तर या छेदात आहे. दुभाजकातली माती म्हणजे बांधकामाचा राडारोडा आणि वर टाकलेला मुरमाचा थर. दोन्ही बाजूंना तापलेले काँक्रीट किंवा डांबर, चोवीस तास धूर आणि धूळ, पाणी टँकर येईल तेव्हाच. अशा जागी गुलाब किंवा मोगरा एक उन्हाळा काढणार नाही. कण्हेर बारमाही हिरवी राहते, दाट वाढते आणि छाटणी करून पुरुषभर उंचीत ठेवता येते. त्यामुळे समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांचा झोत चालकाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि दुभाजकावर झुडपे लावण्याचे हे मुख्य कारण आहे. तिला जाड खोड नसते, म्हणून भरकटलेली गाडी तिच्यावर गेली तर झाडावर आदळल्यासारखा आघात होत नाही. मोकाट जनावरे उभ्या झुडपाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाचा खर्च वाचतो. शिवाय ती वर्षातले बहुतेक महिने फुलते आणि ऐन वैशाखात, जेव्हा रस्त्याच्या दुतर्फा सगळे करपलेले असते, तेव्हा तिला भरात पाहणे रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसालाही सुखावते. कण्हेर हवेतले सगळे प्रदूषण शोषून घेते, असाही एक संदेश तिच्या बाजूने फिरत असतो. तिच्या बाजूने असूनही मला तो मान्य नाही. तिच्या पानांवर धूळ बसते आणि धुरात ती तग धरते, एवढे खरे आहे. त्यापलीकडच्या दाव्यांनी तिची बाजू बळकट होत नाही.

भीतीच्या बाबतीतही तेच. कण्हेरीच्या सावलीत बसल्याने, तिच्या वाऱ्याने किंवा फुलाला हात लावल्याने विषबाधा होत नाही. चीक डोळ्यांत गेला किंवा नाजूक त्वचेला लागला तर दाह होऊ शकतो. म्हणून छाटणी करणाऱ्यांनी हातमोजे घालावेत आणि काम संपल्यावर हात व हत्यारे धुवावीत. वाळलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण तो धूर श्वासात जाणे अपायकारक असते. चुलीला सरपण म्हणून तर ती कदापि वापरू नये. धोका खरा आहे तो पोटात जाण्याचा. पान, फूल, साल, मूळ, बी, सगळेच विषारी असते. तिच्यातली ओलिअँड्रिन आणि त्याच्यासारखी इतर विषारी द्रव्ये हृदयाच्या पेशींतली सोडियम आणि पोटॅशियम यांची ने-आण करणारी यंत्रणा अडवतात. हृदयविकारावर देतात त्या डिजॉक्सिन नावाच्या औषधाचे कामही याच जातीचे, म्हणून कण्हेरीच्या विषबाधेची लक्षणे डिजॉक्सिन प्रमाणाबाहेर गेल्यासारखी दिसतात. आधी मळमळ, उलट्या, पोटदुखी, मग नाडी मंद होणे आणि ठोके अनियमित पडणे. डिजॉक्सिनवर उतारा म्हणून तयार केलेली प्रतिपिंडे या विषबाधेतही उपयोगी पडतात. श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीची विषबाधा झालेल्या रुग्णांवरील चाचणीत २००० साली ते दाखवून दिले गेले. हे औषध महाग आहे आणि सर्वत्र मिळत नाही. म्हणून मुलाने पान किंवा फूल चघळल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपाय करत बसू नये. तोंडातले काढून टाकावे, चूळ भरायला लावावी आणि झाडाची एक डहाळी बरोबर घेऊन तातडीने मोठे रुग्णालय गाठावे. डहाळी यासाठी, की डॉक्टरांचा ओळखण्यात वेळ जाऊ नये. अतिशय कडू चव आणि लगेच होणारी उलटी यांमुळे चुकून खाल्लेल्या माणसाच्या पोटात सहसा फार विष जात नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा आहे. शेळ्या-गुरांना तो नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याला उलटी करून मोकळे होता येत नाही.

या निमित्ताने पिवळ्या कण्हेरीविषयी सांगायला हवे, कारण निवेदनांत दोन्हींची सरमिसळ झाली आहे. पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, ती मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. ती याच कुळातली असली तरी तिची प्रजाती निराळी आहे. तिची पाने तीनच्या वलयात येत नाहीत, एकेक करून फांदीभोवती फिरत जातात. फूल पिवळे आणि नरसाळ्यासारखे असते. पुढे त्याचे हिरवे, कोनदार फळ होते आणि पिकल्यावर काळे पडते. आत कठीण कवचाची बी असते. आमच्या लहानपणी पोरे या बिट्ट्या खिशात घेऊन हिंडत आणि त्यांचे खेळ मांडत. आज मागे वळून पाहताना अंगावर काटा येतो, कारण या झाडाचे बीच सर्वांत घातक असते आणि फळाचा आकार मुलांच्या हाताला मोह घालणारा असतो. शाळा, अंगणवाडी आणि बालोद्यान यांच्या आवारात बिट्टी नको, हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तिथे साधी कण्हेरही नको. रंगच हवा असेल तर जास्वंद लावावी. मुद्दा जागेचा आहे. जे झुडूप बालवाडीच्या दारात अयोग्य आहे, ते सहापदरी रस्त्याच्या मध्यभागी अतिशय योग्य असू शकते.

दुभाजकापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती निर्माल्याची, आणि त्याविषयी कोणीच बोलत नाही. गणेशपूजनाच्या एकवीस पत्रींत करवीरपत्र, म्हणजे कण्हेरीचे पान, सांगितलेले आहे. त्याच पत्रीत रुई आहे आणि धोत्राही आहे. म्हणजे तीन विषारी वनस्पतींची पाने भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घराघरांत येतात. त्यात गैर काही नाही, उलट वर्षातून एकदा घरातल्या मुलांना ही झाडे हातात धरून दाखवण्याची ती उत्तम संधी असते. परंतु बाजारात पत्रीची जुडी बांधलेली मिळते आणि घेणाऱ्याला त्यातले दूर्वा आणि तुळस सोडून काही ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी हीच पत्री पुण्याच्या भावनेने गाईपुढे किंवा शेळीपुढे टाकली जाते. माझ्याच आळीत मी हे पाहिले आहे आणि दोन वेळा गाईच्या तोंडासमोरून पत्री उचलली आहे. पूजेतली पत्री, विशेषतः सुकलेली, कोणत्याही जनावराला घालू नये. ती निर्माल्य कलशात द्यावी किंवा परसात पुरावी. गणेशोत्सवाच्या आधीच्या अंकांत आपल्या दैनिकाने एवढी एक चौकट छापली, तरी कितीतरी मुकी जनावरे वाचतील.

फुलांच्या बाबतीत केरळने घेतलेली भूमिका आपल्याला अनुसरण्यासारखी आहे. तिथे कण्हेरीला अरळी म्हणतात आणि देवळांत तिचा वापर मोठा. एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध अरळीशी जोडला गेल्यानंतर मे २०२४ मध्ये तिथल्या अनेक देवळांचा कारभार पाहणाऱ्या त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्यात आणि प्रसादात ही फुले वापरणे बंद केले. पूजेसाठी मात्र ती चालू ठेवली. जे पोटात जाऊ शकते तिथे मनाई आणि जे देवाच्या मूर्तीवर वाहायचे तिथे मोकळीक, असा हा निर्णय आहे. आपल्याकडेही महादेवाला पांढरी कण्हेर आणि देवीला तांबडी वाहतात. ती वाहावी, फक्त तीर्थाच्या पात्रात आणि प्रसादाच्या ताटात ती फुले पडू देऊ नयेत.

कण्हेर काढून टाकली तर नुकसान फक्त शोभेचे होईल, असे समजू नये. माझ्या अंगणातल्या झुडपावर दर पावसाळ्यात कॉमन क्रो नावाचे फुलपाखरू अंडी घालते. ते गडद तपकिरी असते आणि पंखांच्या कडेने पांढरे ठिपके असतात. त्याच्या अळीच्या पाठीवर शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या चार जोड्या असतात. ही अळी पान खायला बसण्यापूर्वी त्याची मधली शीर चावून ठेवते, म्हणजे चीक तिथेच वाहून जातो आणि पुढचे पान तिला निवांत खाता येते. पानातले विष तिला बाधत नाही, आणि पक्षीही पुढे त्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. तिचा कोष पानाच्या खाली लटकतो आणि तो चांदीसारखा इतका लखलखीत असतो, की जवळ गेले तर त्यात आपला चेहरा दिसतो. गेल्या श्रावणात असे सात कोष मी एकाच फांदीवर मोजले. हिरव्या संगमरवरासारख्या पंखांचा एक मोठा पतंगही आपल्या अळ्यांसाठी हेच झुडूप शोधतो. त्याची अळी डिवचली, की डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके पुढे काढते. या अळ्या दिसल्या, की ‘कीड लागली’ म्हणून औषध फवारले जाते. झुडूप दहा-पंधरा दिवसांत पुन्हा पालवते. फवारणीची काहीच गरज नसते.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख करते, कारण ती आठवली की या झुडपाविषयी माझ्या मनात कायम आदर दाटून येतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा त्या भूमीत पंच्याहत्तर वर्षे काही उगवणार नाही, अशी बोलवा होती. त्या राखेत सर्वांत आधी फुललेल्या झाडांत कण्हेर होती. हिरोशिमा शहराने १९७३ साली तिला आपले अधिकृत पुष्प म्हणून स्वीकारले. तीही विषारी कण्हेरच होती, हे त्या नगरवासीयांना ठाऊक नव्हते असे नाही.

तेव्हा माझ्या मागण्या छाटणीविषयी आहेत. दुभाजकावरची छाटणी करणाऱ्या ठेकेदाराच्या करारातच अशी अट असावी, की कापलेली प्रत्येक फांदी त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी, बंद वाहनातून उचलली जाईल. ती चराऊ जमिनीपासून आणि पाणवठ्यापासून दूर खड्ड्यात पुरून कुजवावी, जाळू नये. ओढ्यात किंवा तळ्यात तर टाकूच नये. छाटणीची तारीख आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना दोन दिवस आधी कळवावी, म्हणजे दवंडी देता येईल आणि त्या दोन दिवसांत गुरे दुसरीकडे नेता येतील. एकदम बुंध्यापर्यंत छाटण्याऐवजी दरवर्षी थोडी-थोडी छाटावी. फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे अशा छाटणीने फुलेही वाढतात आणि एका वेळी पडणारा पालाही कमी होतो. उद्यानांत प्रत्येक ताटव्याशी झाडाचे नाव आणि ‘या झाडाचा कोणताही भाग खाऊ नये, जनावरांना घालू नये’ एवढी ओळ असलेली मराठी पाटी लावावी. रोपवाटिकांनीही कण्हेरीच्या पिशवीवर हाच मजकूर चिकटवावा. आणि ज्या कुटुंबाच्या शेळ्या गेल्या, त्यांना भरपाई मिळावी, कारण त्या दोन शेळ्यांच्या दुधावर त्यांच्या घरातली दोन लेकरे वाढत होती आणि चूक त्यांची नव्हती, झुडपाचीही नव्हती.

छाटणी करणारे मजूर बहुधा बाहेरगावचे असतात आणि आपण काय कापत आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्या दिवशीच्या टोळीतला एक मुलगा फांद्यांच्या ढिगावर बसून, न धुतलेल्या हातांनी भाकरी खात होता, असे शेजारच्या मुलीने मला नंतर सांगितले. संबंधित यंत्रणेने बोलावले, तर पुढच्या छाटणीच्या आधी त्या मजुरांना अर्धा तास हे झाड दाखवायला, त्याचे तीन पानांचे वलय आणि त्याचा चीक समजावून सांगायला मी येईन. माझे वय झाले असले, तरी दुभाजकापर्यंत चालत येण्याइतकी ताकद माझ्यात आहे, आणि हातमोजे मी माझेच घेऊन येईन.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
ता. करवीर, जि. कोल्हापूर